मोरपंखी, तांबूस, मोतिया: एका ख्रिसमस ट्रीची रंगसंगती

ख्रिसमस ट्रीची रंगसंगती ठरवताना आधी एखादी वस्तू हातात घ्यावी आणि रंग तिच्यावरून ठरवावेत, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे ती वस्तू म्हणजे आईचा एक जुना काचेचा बॉल. मुठीत मावेल एवढा, मोरपंखी, आतला चंदेरी मुलामा एका बाजूला काळवंडलेला. दरवर्षी तो झाडावर असायचाच, पण लाल, पिवळ्या, जांभळ्या, चंदेरी बॉलच्या गर्दीत कुणाची नजर त्याच्यावर ठरत नसे. या वेळी झाड त्याच्याभोवती सजवायचं, एवढं एकच मी आधी ठरवलं होतं.

त्या बॉलविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढे रंग निवडताना त्याची चकाकी सतत मध्ये येत राहिली. झाडावर लावायचे पोकळ काचेचे बॉल फुंकण्याची कला जर्मनीतल्या थुरिंगिया भागातल्या लाउशा या काचकामाच्या गावात एकोणिसाव्या शतकात बहराला आली. काच फुंकून पातळ गोळा करायचा, मग सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण आत घालून तो फिरवायचा. आतल्या बाजूला चांदीचा आरशासारखा थर बसतो, आणि रंग चढतो तो बाहेरून. म्हणजे आपल्याला दिसतो तो नुसता रंग नसतो, रंगाआडून परतून येणारा उजेड असतो. आईचा बॉल खिडकीजवळ धरून फिरवला की एका कोनातून निळा दिसतो, दुसऱ्या कोनातून हिरवट. जुन्या काचेतली ही खोली प्लास्टिकच्या बॉलना येत नाही. नव्या वस्तू निवडताना तो मी सतत जवळ ठेवला, मऊ कापडात गुंडाळून.

रंगचक्रावर मोरपंखीच्या समोर काय येतं? नारिंगीकडे झुकणारा तांबडा. तोच जरा मंद केला, त्याला धातूची झळाळी दिली की तांब्याचा रंग. समोरासमोरचे रंग एकमेकांना उठाव देतात, आणि ख्रिसमसची लाल-हिरवी जोडी त्याच न्यायानं इतकी वर्षं टिकून आहे. मध्ययुगात जर्मन मुलखात २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वेचा दिवस मानत. त्या दिवशीच्या नाटकात स्वर्गातलं झाड म्हणून सदाहरित झाडाला लाल सफरचंदं टांगत. गर्द हिरव्यावर लाल: ज्यानं ते पहिल्यांदा टांगलं असेल त्याला रंगचक्र ठाऊक असण्याची गरजच नव्हती, डोळ्यांना ते आपोआप पटतं.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. झाडाचा हिरवा हासुद्धा रंगसंगतीतला एक रंग आहे, आणि तो सगळ्यांत मोठा आहे. कुणी म्हणतं, 'आम्ही दोनच रंग घेतले, निळा आणि चंदेरी.' नाही, तीन घेतले. माझ्या मोरपंखीची खरी अडचण हीच होती. तो हिरव्याचा सख्खा शेजारी आहे आणि गडदही तितकाच. सुया गर्द असलेल्या झाडावर भरपूर मोरपंखी बॉल लावले तर ते फांद्यांत विरघळून जातात. म्हणून ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच रंग मी सर्वांत कमी घेतला. घरसजावटीत साठ, तीस, दहा असा एक ठोकताळा वापरतात. त्यात तांबूसला साठ दिले, मोतियाला तीस आणि मोरपंखीला दहा. मोतिया का? कारण गडद झाडावर काहीतरी खरंच उजळ हवं, आणि पांढराशुभ्र रंग तांब्याशेजारी फार कोरा, थंड वाटतो. मोतियात किंचित पिवळसर ऊब असते.

प्रमाण इतकं कमी ठेवायला मला धीर आला तो शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञामुळे. पॅरिसमधल्या गोब्लँ या प्रसिद्ध कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायची विणलेली चित्रं तयार होत, तिथल्या रंगाईचा तो प्रमुख होता. तिथला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी जे धागे विणले जात, त्यांच्यामुळे तो तसा भासत होता. या शोधातून त्यानं १८३९ साली मोठा ग्रंथच लिहिला. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांपासून जितके दूर जाता येईल तितके दूर गेल्यासारखे दिसतात, हे त्याचं सूत्र. मी ते घरीच पडताळून पाहिलं. आईचा बॉल नुसत्या हिरव्या फांदीवर धरला तेव्हा तो अंगचोर वाटला. त्याच्यामागे तांब्याच्या रंगाची रिबीन धरली आणि निळाई एकदम वर आली. बॉल तोच, उजेड तोच. मोरपंखी एकही बॉल नुसत्या हिरव्यावर लावायचा नाही, त्याला तांब्याची सोबत हवीच, हे तिथेच पक्कं झालं.

खरेदीआधी आणखी एक तपासणी केली आणि ती मी प्रत्येकाला आग्रहानं सांगेन. निवडलेल्या छटांचे नमुने झाडाच्या एका फांदीवर ठेवायचे, मोबाईलनं फोटो काढायचा आणि तो कृष्णधवल करून बघायचा. रंग निघून गेले की फक्त उजळ आणि गडद उरतं. माझ्या फोटोत मोतिया लख्ख उठून दिसत होता. मोरपंखी आणि फांदी जवळपास एकच, ते अपेक्षित होतं. पण चकाकी नसलेला, मॅट तांबूस बॉलही त्याच करड्या रंगात बुडून गेला होता! रंगीत डोळ्यांना जो इतका वेगळा वाटत होता, तो उजळपणात हिरव्याच्या बरोबरीचा निघाला. दूरवरून आणि संध्याकाळच्या उजेडात डोळा रंगाआधी हा फरक टिपतो. त्यामुळे तांबूसमध्ये मी तीन पायऱ्या घेतल्या: एक गडद मॅट, एक चकचकीत, आणि एक फिकट, गुलाबीकडे झुकणारा. रंग एकच, उजळपणा तीन प्रकारचा. एका रंगाचं झाड सपाट, कंटाळवाणं दिसतं असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेकदा याच पायऱ्या राहून गेलेल्या असतात.

आता दिवे. रंगसंगती दिव्यांत ठरते, बॉलमध्ये नाही, असंही कुणी म्हटलं तर मी हरकत घेणार नाही. विजेच्या दिव्यांनी सजवलेलं पहिलं झाड एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं १८८२ साली न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी उभं केलं. त्यावर लाल, पांढरे आणि निळे मिळून ८० दिवे होते आणि झाड सावकाश फिरत होतं. म्हणजे अगदी पहिल्या विजेच्या झाडालाही ठरवलेली रंगसंगती होती, आणि ती दिव्यांची होती. पुढे अमेरिकेत १९५९च्या सुमारास ॲल्युमिनियमची झाडं फार गाजली. धातूच्या फांद्यांवर विजेची माळ गुंडाळणं धोक्याचं, म्हणून खाली जमिनीवर दिवा ठेवायचे आणि त्याच्यासमोर रंगीत चकती फिरत राहायची. चंदेरी झाड क्षणात लाल, क्षणात निळं.

पांढऱ्या एलईडी माळा दोन जातीच्या मिळतात. वॉर्म व्हाइट, २७०० केल्विनच्या आसपासच्या, पिवळसर. आणि कूल व्हाइट, ५००० किंवा ६००० केल्विनच्या वरच्या, निळसर. बहुतेक पांढऱ्या एलईडींत मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावरचा पिवळा लेप त्या निळ्याचा काही भाग पिवळ्यात बदलतो. लेप जसा असेल तसा पांढरा उबदार किंवा थंड होतो. माझ्या तीन रंगांना या दोन्ही माळा सारख्या मानवत नव्हत्या. कूल व्हाइटखाली मोरपंखी सुरेख खुलायचा, पण तांबूस मातकट व्हायचा आणि मोतियाची ऊब निघून जायची. वॉर्म व्हाइटखाली तांब्याला जणू धग यायची, मोतिया दुधाच्या सायीसारखा दिसायचा, आणि मोरपंखी मात्र हिरवट होऊन फांदीकडे झुकायचा. कारण सरळ आहे. त्या उजेडात निळा भागच कमी असतो, मग बॉल परत पाठवणार तरी काय?

दोन्ही प्रकारच्या माळा एकत्र लावाव्यात असं माझ्या मुलीचं म्हणणं होतं. एका फांदीवर मी लावूनही पाहिल्या. मला ते पटलं नाही. दोन पांढरे शेजारी आले की पिवळसर दिवा जुनाट वाटतो आणि निळसर दिवा परका. शेवटी झाडाचा नव्वद टक्के भाग ज्या उजेडात सुंदर दिसतो, तो वॉर्म व्हाइट घेतला आणि मोरपंखी बॉल निवडताना मुद्दाम जरा जास्त निळे निवडले. उन्हात ते मोरपंखी वाटतच नाहीत, गडद निळेच वाटतात. माळेच्या उजेडात आले की नेमके आईच्या बॉलच्या रंगावर येतात. म्हणून बॉल निवडायला जाताना झाडावर लागणाऱ्या माळेचा एखादा तुकडा आणि बॅटरीचा डबा सोबत ठेवावा. दिवसा एकमेकींशी तंतोतंत जुळणाऱ्या दोन छटा दुसऱ्या उजेडात फारकत घेऊ शकतात, आणि ते झाड उभं राहिल्यावर कळण्यात काही अर्थ नाही.

प्रत्यक्ष सजावटीत सर्वांत जास्त वेळ गेला तो फांद्या उघडण्यात. कृत्रिम झाड पेटीतून निघतं तेव्हा प्रत्येक फांदीची टोकं मिटलेली असतात. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक वर, असं बुंध्यापासून टोकापर्यंत एकेक टोक वळवत जावं लागतं. हातमोजे घातलेले बरे. कंटाळा न करता हे केलं की मधल्या दांड्याचा लोखंडी भाग दिसत नाही आणि पुढच्या कामाला खोली मिळते.

माळ मी गोल गोल गुंडाळली नाही. बुंध्यापासून फांदीच्या टोकापर्यंत, तिथून परत बुंध्याकडे, मग पुढची फांदी. याला माळ जास्त लागते. दर फुटाला शंभर बारीक दिवे हा जुना ठोकताळा आहे, आमचं झाड सहा फुटांचं, म्हणजे सहाशेच्या घरात. तेवढे हवेतच. खाली थोडे जास्त घातले, कारण घेर तिथे मोठा असतो. एकाला एक किती माळा जोडायच्या याची मर्यादा वेष्टनावर छापलेली असते, ती पाळली. वायर हिरवी घेतली. अशा आतबाहेर लावलेल्या दिव्यांमुळे उजेड झाडाच्या पोटातून येतो. पण चंदेरी मुलाम्याच्या बॉलमधून उजेड आरपार जात नाही, तो फक्त परावर्तित होतो. मागे दिवा असेल तर असा बॉल काळी सावली बनतो. म्हणून प्रत्येक मोरपंखी बॉलच्या जरा वर आणि पुढच्या बाजूला एखाद-दोन दिवे येतील असं पाहिलं. पारदर्शक आणि दुधी बॉलचं उलट आहे, त्यांच्या पाठीशी दिवा असावा.

रिबीन मोतिया रंगाची, तांबूस कडेची, कडेत तार असलेली घेतली. आडवी गुंडाळलेली रिबीन झाडाचे तुकडे पाडते असं मला वाटतं. मी हातभर लांबीचे तुकडे कापले आणि वरून खाली येणारे, मध्येच फांदीत शिरणारे आणि पुन्हा बाहेर डोकावणारे असे खोचले. नजर वरून खाली उतरत जाते.

मग बॉल. सर्वांत मोठे, १० सेंटिमीटरचे मॅट तांबूस बॉल बुंध्यालगत, अगदी आत.

"आई, एवढे मोठे बॉल आत लपवतेस? ते दिसणार कुणाला?" मुलीनं विचारलं.

"ते दिसण्यासाठी नाहीत गं. त्यांच्यामुळे बाहेरचे दिसतील."

पहिली फेरी झाल्यावर तिला दारापर्यंत मागे जायला सांगितलं. आतल्या पोकळीत आता काळोखाऐवजी तांब्याची मंद आभा होती आणि झाड भरलेलं वाटत होतं. त्यानंतर उरलेले मोठे बॉल तिनंच आत लावले. मधल्या थरात ८ सेंटिमीटरचे चकचकीत, फांद्यांच्या टोकांना ६ आणि ४ सेंटिमीटरचे. मोतिया रंगातले बहुतेक बाहेर, कारण उजळ रंग पुढे आल्यासारखा वाटतो आणि गडद मागे सरल्यासारखा. हे उलट केलं तर खोली हरवते. मोरपंखी सर्वांत शेवटी, वरपासून खालपर्यंत नागमोडी, दोघांमध्ये पुरेसं अंतर ठेवून. मागच्या बाजूलाही लावले. भिंतीकडच्या बाजूला साधे बॉल चालतात, पण खिडकीच्या काचेत झाडाचं प्रतिबिंब पडत असेल तर तीही बाजू दर्शनीच होते.

खरा प्रश्न पुढेच होता. उरलेल्या जुन्या दागिन्यांचं काय? मुलीनं लहानपणी केलेली लाल-पिवळी कागदी चांदणी, लोकरीचा जांभळा पक्षी, पाहुण्यांनी दिलेल्या घंटा, आईच्याच पेटीतले विजोड रंगांचे आणखी काही बॉल. रंगसंगती करायची म्हणजे हे सगळं डब्यात ठेवून द्यायचं, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो मान्य नाही. ज्या झाडावर घरातल्या कुणाची आठवणच नाही ते झाड दुकानाच्या काचेआड शोभेल, घरात नाही. आईला मात्र संकोच वाटत होता. "अगं, इतकं छान जमलंय. माझ्यासाठी म्हणून त्यात काही घुसवू नकोस."

मी ते सगळं टेबलावर मांडलं आणि रंग सोडून ऊब पाहिली. लाल, पिवळं, केशरी, तपकिरी हे तांब्याचे नातलग. ते थोडे आत, तांबूस बॉलच्या सोबतीनं लावले तर खटकत नाहीत. घंटा सोनेरी होत्या, त्या सहज सामावल्या. प्रत्येक जुन्या वस्तूचा दोरा काढून मोतिया-तांबूस रिबिनीचा तुकडा बांधला आणि वर छोटा बो. या एका गोष्टीनं वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या हातांच्या वस्तू एका कुटुंबातल्या दिसू लागल्या. कागदी चांदणी नजरेच्या उंचीवर, पुढे लावली. हातानं केलेली वस्तू लपवायची नाही, जवळून बघता येईल अशी ठेवायची. जांभळा पक्षी तेवढा बसेना. जांभळा रंग तांब्याशेजारी भांडत होता, मोरपंखीशेजारी मळकट दिसत होता. तो पुस्तकांच्या कपाटावर, एका छोट्या हिरव्या फांदीवर, स्वतःच्या दिव्यासह बसवला. आईचा मूळ बॉल कुठे लावायचा हे आईनंच ठरवलं: वरच्या तिसऱ्या भागात, रिबिनीच्या वळणात, काळवंडलेली बाजू आत करून.

पेटीत एक पुडकं जुन्या चमकीच्या पट्ट्यांचंही निघालं, हाताला जड लागणाऱ्या. ते मी वापरलं नाही. एकेकाळी या पट्ट्या शिशाच्या असत, म्हणूनच त्या फांदीवरून सरळ, छान लोंबत. शिसं लहान मुलांच्या पोटात जाण्याचा धोका ओळखून अमेरिकेत १९७२च्या सुमारास त्यांची विक्री थांबली आणि त्यांची जागा प्लास्टिकनं घेतली. तुमच्याकडच्या जुन्या सामानात अशा जड, मऊ, बोटानं सहज वाकणाऱ्या पट्ट्या असतील तर मुलांच्या हाती लागू देऊ नका.

झाड पूर्ण झाल्यावर मी ते दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पाहत राहिले. संध्याकाळी, दिवे लावण्याआधी, एक फार सुंदर बदल घडतो. उजेड ओसरू लागला की तांबूस काळपट होत जातो आणि मोरपंखी त्याच्या मानानं उजळ वाटू लागतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फुलांच्या रंगांबाबत हे टिपलं होतं. अंधुक उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मंदावतात आणि ज्या दुसऱ्या पेशी काम हाती घेतात त्यांना लाल रंग जवळपास जाणवतच नाही, निळा-हिरवा मात्र जाणवतो. म्हणून लाल बॉलचं झाड तिन्हीसांजेला एकदम निस्तेज वाटतं. आमच्या झाडावर त्या वेळी दहा टक्केवाला रंगच राज्य करत होता. आईला ते दाखवायला मी दिवे जरा उशिरा लावू लागले.

टोकाला काय, यावर मात्र घरात एकमत झालं नाही. माझ्या मनात तांब्याच्या तारेची चांदणी होती, मुलीला रिबिनीचा मोठा बो हवा होता. चांदणीच लावली, कारण बोमुळे टोक जड आणि बोथट होत होतं, आणि झाडाचा त्रिकोण वरती निमुळताच राहायला हवा. तिच्या बोच्या लांब शेपट्या चांदणीखालून सोडल्या, त्या खरंच शोभल्या.

सामान उतरवताना बॉल रंगांनुसार ठेवले नाहीत, ज्या क्रमानं लावायचे त्या क्रमानं ठेवले. आतले मोठे एका खोक्यात, मधले दुसऱ्यात, टोकांचे तिसऱ्यात, मोरपंखी वेगळे. माळा पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळल्या, खाचेत टोक अडकवून. मुलीला पुढच्या वेळी जांभळा हवा आहे, त्या लोकरीच्या पक्ष्यासाठी. साठ आणि तीसचे रंग तेच ठेवून नुसते दहाचे बदलले तर खर्च थोडा आणि झाड नवं, हे तिला समजावलं. पण तांब्याशेजारी जांभळा बसत नाही हे तिनंही पाहिलेलं आहे. मग साठचा रंग मोतिया करावा आणि तांबूस कमी करून फक्त फिकट गुलाबीसर छटाच ठेवावी, असं आता आमचं चाललं आहे. कृष्णधवल फोटो काढून झालेत.